देवाचं घड्याळ कोणाला दिसतं?

पत्र असं आहे (ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत):

"सलाम. मी 36 वर्षांची आहे, शाळेत शिकवते. चर्चच्या मंडळीतच लहानाची मोठी झाले. गेली आठ वर्षं मी आणि घरचे माझ्या लग्नासाठी प्रार्थना करतोय. उपास झाले, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या. अडीच वर्षांपूर्वी संदेश द्यायला आलेल्या एका पाहुण्या सेवकांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, 'वर्षाच्या आत तुझं घर वसेल, असं प्रभू म्हणतो.' सगळे आमेन म्हणाले. वर्ष गेलं, काही झालं नाही. आता कुणी म्हणतं माझा विश्वास कमी पडला, कुणी म्हणतं देव मला धीर शिकवतोय, शिकले की देईल. आज ना उद्या ठरेल या आशेवर मी विशेष मुलांना शिकवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दोनदा सोडून दिला.

दोन महिन्यांपूर्वी एक स्थळ आलं. विश्वासी कुटुंब, चांगली नोकरी. सगळे म्हणतात, हीच देवाची वेळ. आम्ही दोनदा भेटलो. दोन्ही वेळा मी बोलत असताना तो फोनमध्ये होता. नोकरी सोडशील का, असं त्याने विचारलं नाही. सोडायची, असं सांगितलं. आणि माझ्यासमोर आईशी ज्या सुरात बोलला, तो सूर माझ्या कानातून जात नाही. घरी म्हणतात, आठ वर्षं मागून देवाने दिलं आणि तू खोट काढतेस. नकार दिला तर ते देवाला नकार दिल्यासारखं होईल का? पुढच्या महिन्यात माझ्याहून लहान मैत्रिणीचं लग्न आहे. मला आनंद होत नाही आणि त्याची लाज वाटते. प्रार्थनेला बसते, पण शब्द येत नाहीत. धीर धरायचा म्हणजे नक्की करायचं तरी काय?

– वाट पाहून दमलेली"

प्रिय ताई,

आधी त्या स्थळाचं बोलू. बाकी सगळं दोन आठवडे थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी म्हणजे खोट काढणं नाही. पहिल्या दोन भेटींना माणूस स्वतःचा सगळ्यात चांगला अवतार घेऊन येतो. त्या अवतारातच तुमचं बोलणं ऐकायला त्याला सवड नसेल, आणि आईशी बोलताना परक्या माणसासमोरही सूर सांभाळावासा वाटत नसेल, तर घरात कुणी पाहत नसताना काय होईल याचा अंदाज करायला भविष्यवाणी लागत नाही. तो वाईटच आहे असं मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेलं नाही आणि एका पत्रावरून माणसाचा निकाल लावू नये. पण तुम्ही त्याला पाहिलंय, आणि जे पाहिलं ते तुम्हाला विसरता येत नाही. हे विसरता न येणंही तुम्हाला देवानेच दिलंय, असं मला वाटतं.

स्वतःला एकच प्रश्न विचारून बघा. तुम्ही 26 वर्षांच्या असता, ती भविष्यवाणी झालेली नसती आणि घरी कुणाला घाई नसती, तर या दोन भेटींनंतर तुम्ही काय म्हणाला असता? जे उत्तर येईल ते तुमचं. उरलेलं सगळं भीतीचं.

पवित्र शास्त्रात भीतीपोटी केलेल्या घाईची एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. गिलगालात इस्राएलचा राजा शौल संदेष्टा शमुवेल याची वाट पाहत होता. सात दिवसांची मुदत ठरली होती आणि तो पूर्ण सात दिवस थांबला. समोर पलिष्ट्यांचं सैन्य, इकडे आपली माणसं पांगायला लागलेली, शमुवेलाचा पत्ता नाही. शेवटी शमुवेलाने अर्पण करायचा होमबली शौलाने स्वतःच अर्पण केला आणि तो अर्पण करून होतो न होतो तोच शमुवेल दारात (1 शमुवेल 13). शौलाने केलं ते काही दारू पिऊन केलेलं पाप नव्हतं. ती उपासना होती. पण तिच्या मुळाशी काय होतं, ते त्याच्या स्वतःच्या खुलाशातच आहे: लोक मला सोडून जाताना पाहिले. घाई अशीच चांगले कपडे घालून येते. 'विश्वासी कुटुंब आहे, देवाने दिलंय, नाही कसं म्हणायचं' हा त्यातलाच एक पोशाख.

आणि घाईचं बिल नेहमी घाई करणाऱ्याच्याच नावावर येतं असंही नाही. अब्राहाम आणि सारा यांनी मूल देण्याच्या देवाच्या वचनाला थोडा हातभार लावायचं ठरवलं, तेव्हा किंमत मोजली हागारने. ती साराची दासी होती, मुलासाठी तिला अब्राहामाला देताना तिला कुणी विचारलं नव्हतं. गरोदरपणात छळ सोसून ती अरण्यात पळाली. तिथे देवाचा दूत जिला शोधत गेला ती हागार. उद्या नको असलेल्या घरात तुम्ही गेलात तर तिथेही फक्त तुम्हीच नसाल. मुलं असतील. तो माणूसही असेल, ज्याच्याशी तुम्ही त्याच्यासाठी नव्हे तर एका तारखेसाठी लग्न केलं.

म्हणून, मुदत मागा. स्पष्ट सांगा की मला चार महिने हवेत, या काळात आणखी भेटायचंय, आणि नोकरी मी सोडणार नाही. मग काय होतं ते पाहा. तुमच्या मंडळीत त्याला ओळखणारं कुणी असेल, तर तो चिडतो तेव्हा कसा असतो हे त्यांना विचारा. चार महिन्यांत चित्र बदललं तर चांगलंच. मुदत मागितल्यावरच समोरून आवाज चढला, तर चार महिने वाचले. नकार द्यावा लागला तर तो एका माणसाला दिलेला नकार असेल. देव स्थळाच्या रूपाने दारात उभा राहून रागावून परत जात नाही.

आता त्या भविष्यवाणीचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे, माफ करा.

जे झालं नाही ते बोलणाऱ्याच्या खात्यावर जातं, ऐकणाऱ्याच्या नाही. अनुवाद 18:22 मध्ये याचा सरळ नियमच आहे: परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती परमेश्वराने सांगितलेली नव्हती, तो संदेष्टा मनचं बोलला, त्याला भिऊ नको. ऐकणाऱ्याचा विश्वास कमी पडला म्हणून ती फसली, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. अडीच वर्षं तुम्ही एका माणसाच्या चुकीचा दंड भरताय.

ही गोष्ट नवीनही नाही. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत बाबेलच्या राजाचं जू मोडेल, त्याने नेलेले बंदिवान घरी परततील. यिर्मयाच्या मानेवर खुणेसाठी घातलेलं लाकडी जू काढून तो मोडूनही टाकतो. लोकांना ते किती आवडलं असेल! यिर्मयाची पहिली प्रतिक्रिया वाचाल तर गलबलून येतं. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं. पण त्याला माहीत होतं की ते खरं नाही. (हनन्याचं पुढे काय झालं ते अध्यायाच्या शेवटी आहे. तुमच्या पाहुण्या सेवकांसाठी मी तशी इच्छा अजिबात करत नाही.)

आणि त्याच यिर्मयाचं आणखी एक बघा, 42व्या अध्यायात. यरुशलेम पडलंय, उरलेली माणसं घाबरून त्याच्याकडे येतात: आम्ही मिसर देशात पळून जावं की इथेच राहावं, देवाला विचारून सांग. यिर्मया प्रार्थना करायचं कबूल करतो. देवाचं उत्तर येतं दहा दिवसांनी. दहा दिवस! तोंडावर संकट, लोकांचा धीर सुटलेला, आणि देशातला सगळ्यात मोठा संदेष्टा गप्प बसून आहे, कारण त्याला अजून काही सांगितलं गेलेलं नाही. त्याने लोकांच्या समाधानासाठी एखादं वाक्य बनवलं नाही. देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणं म्हणजे काय, हे मला या दहा दिवसांत जेवढं कळलं तेवढं कुठल्या प्रवचनात कळलं नाही.

आता हनन्याच्या लगेच पुढचा, 29वा अध्याय. त्यातलं 11वं वचन तुमच्या घरी भिंतीवर असण्याची दाट शक्यता आहे: देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते वचन एका पत्रातलं आहे, आणि मला वाटतं ते पत्र तुमच्यासाठी माझ्या या पत्रापेक्षा किती तरी जास्त कामाचं आहे. इसवी सनापूर्वी 597 मध्ये राजासोबत बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवलं. ते लोकही तुमच्यासारखेच सामान बांधून बसले होते. आज ना उद्या परत जायचंच आहे तर इथे घर कशाला बांधा? 10व्या वचनात यिर्मया सांगतो, 70 वर्षं. म्हणजे पत्र हातात घेऊन वाचणारी बहुतेक मोठी माणसं बाबेलातच मरणार होती. हिताचे संकल्प हे वाक्य त्यांना उद्देशून आहे, दोन वर्षांत घरी जाणाऱ्यांना उद्देशून नाही.

आणि त्याच्याही आधी, 5व्या वचनापासून, काय आहे? घरं बांधा आणि त्यात राहा. मळे लावा आणि त्यांचं फळ खा. ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी झटा. याच्याच मध्ये, 6व्या वचनात, 'लग्नं करा' असंही आहे. तुम्ही म्हणाल, तेच तर होत नाहीये! खरं आहे. पण ही ओळ ज्याच्या हातून लिहिली गेली त्याचं काय, ते 16व्या अध्यायात आहे. यिर्मयाला देवाने लग्न करायलाच मना केलं होतं. इतरांना लेकी-सुनांचे आशीर्वाद लिहून पाठवणारा तो माणूस स्वतः एकटा राहिला. तुमचंही तसंच होणार, असा याचा अर्थ नाही. ते मला माहीत नाही. मला एवढंच म्हणायचंय की देवाने ज्याला सगळ्यात जवळ घेतलं त्याच्या हातात हे दान पडलं नाही, आणि ते न पडणं त्याच्या विश्वासाची उणीव म्हणून कुठेही नोंदलेलं नाही.

म्हणून माझा सगळ्यात ठाम सल्ला स्थळाबद्दल नाही, अभ्यासक्रमाबद्दल आहे. या वर्षी अर्ज भरा. दोनदा सोडलात, तिसऱ्यांदा नाही. लग्न ठरलं तर काय, हा प्रश्न लग्न ठरेल तेव्हा सोडवा. शिकणाऱ्या बायकांची लग्नं होतात आणि लग्न झालेल्या बायका शिकतात. तुम्ही धीर धरताय असं तुम्हाला वाटतंय, पण तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की तुम्ही धीर धरलेला नाही, श्वास धरलाय. श्वास आठ वर्षं धरून ठेवता येत नाही, दमायला होणारच. ज्या मुलांसाठी तुम्हाला शिकायचं होतं, त्यांचा वर्ग तुमच्या लग्नाच्या तारखेवर अवलंबून नव्हता.

'धीर शिकलीस की देव देईल' असं जे म्हणतात, त्यांना एक विचारावंसं वाटतं. तेविसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुली काय धीराची परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास झाल्या होत्या? मंडळीत चारचौघींना तुम्हीही ओळखत असाल ज्यांना बस दोन मिनिटं उशिरा आली तरी राहवत नाही, आणि ज्यांच्या नातवंडांचे बाप्तिस्मे झालेत. गलतीकरांस पत्रात सहनशीलतेला आत्म्याचं फळ म्हटलंय. फळ, फी नव्हे. ती भरली की पावती म्हणून नवरा मिळतो असा व्यवहार तिथे नाही. लांबलेल्या काळात देव माणसाला घडवतो, हे मी मानते. पण घडवण्यासाठीच त्याने मुद्दाम अडवून धरलंय, हे ठरवायला मी कोण? मला त्याचा हिशोब दाखवलेला नाही.

आणि हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, मार खाऊन बोलते. कित्येक वर्षांपूर्वी, दुसऱ्यांदा गर्भपात झालेल्या एका ओळखीच्या बाईला मी भेटायला गेले होते. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणून गेले, "प्रत्येक गोष्टीची देवाची वेळ असते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला दिसतं का त्याचं घड्याळ?" मी उठून आले. पुन्हा जाऊन माफी मागायला मला चार महिने लागले, यावरून माझ्या धैर्याची कल्पना करा.

त्यानंतर मी योसेफाची गोष्ट वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागले. सतराव्या वर्षी भावांनी विकलं, तिसाव्या वर्षी तो मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला. मधली तेरा वर्षं गुलामी आणि तुरुंग. तुरुंगातला सोबती, राजाचा प्यालेबरदार, सुटला, राजापाशी याचं नाव काढीन म्हणाला आणि विसरला. त्या विसरण्यात आणखी दोन वर्षं गेली. या सगळ्या काळात योसेफाच्या कोठडीत येऊन कुणी सांगितलं नाही की काळजी करू नकोस, ही देवाची योजना आहे. तुम्ही माझं वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, हे प्रसिद्ध वाक्य पुस्तकाच्या अगदी शेवटच्या अध्यायात येतं. त्यांचे वडील याकोब मिसरात 17 वर्षं जगून वारले, त्यानंतर. हिशोब केला तर योसेफ तेव्हा छपन्न वर्षांचा होता, विकला गेल्याला 39 वर्षं झाली होती. आणि ते वाक्य म्हणतो कोण? ज्याने सोसलं तो. भावांनी म्हटलं असतं तर? "योसेफा, जाऊ दे ना, देवाचीच योजना होती." ऐकवलं तरी असतं का?

म्हणजे देवाची वेळ मागे वळून पाहताना ओळखू येते, आणि ती ओळखण्याचा पहिला हक्क ज्याचं आयुष्य आहे त्याचा. दुसऱ्याच्या दुःखावर ते वाक्य चिकटवलं की ते खरं असूनही खोटं होतं. तेव्हा मंडळीत कुणी पुन्हा तारीख सांगायला किंवा कारण समजवायला आलं, तर रागावू नका, वादही घालू नका. म्हणा, "माझ्यासाठी प्रार्थना करत राहा, पण तारीख सांगू नका." एवढं वाक्य पुरतं. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळेल, तिसऱ्यांदा नाही.

प्रार्थनेला शब्द येत नाहीत, म्हणता. मला शंका आहे की शब्द येतायत, पण ते देवासमोर म्हणायचे नाहीत असं कुणीतरी तुम्हाला शिकवलंय. स्तोत्र 13 उघडा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा विचारतो, कोठवर? तू मला विसरणार कोठवर, तोंड लपवणार कोठवर. हे मोठ्याने वाचा, दार लावून. चौथ्या 'कोठवर'नंतर थांबा आणि तुमचं पाचवं घाला. याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराचं उदाहरण दिलंय आणि आपण ते ऐकून समजतो की ईयोब मुकाट्याने सोसत राहिला. ईयोबाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचा. तो आपल्या जन्माच्या दिवसालाच शाप देतो, आणि पुढे अध्यायामागून अध्याय देवाला जाब विचारतो. शेवटी देव म्हणतो की ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, आणि त्याच्या त्या तीन शहाण्या, सगळं समजावून सांगणाऱ्या मित्रांवर त्याचा राग पेटतो. शास्त्र ज्याला धीर म्हणतं तो असा मोठ्याने बोलतो. फक्त बोलायचं सोडून निघून जात नाही.

लाजराच्या घरी काय झालं ते तुम्हाला पाठ असेल, तरी एक जागा दाखवते. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था म्हणाली, "प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." मग मरीया आली, तिनेही अगदी तेच म्हटलं. घरात चार दिवस दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत असणार. येशूने त्यांना गप्प केलं नाही. आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं, तरी तो मरीयेजवळ उभा राहून रडला. जो आला तो उशिरा आला, असं म्हणायची मुभा त्याने दोघींना दिली.

तरीही अगदीच शब्द नसतील तर स्तोत्र 88. त्याचा शेवट अंधारात होतो, कुठेही उजाडत नाही. असं स्तोत्रही प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं, याचा मला अनेकदा आधार वाटलाय.

आणि रोजच्या प्रार्थनेत लग्नाला आता एक वाक्य द्या. मागणं सोडू नका. पण आठ वर्षांत त्या एका मागणीने सगळी खोली व्यापलीय, देवाला बसायला जागा उरलेली नाही. एक वाक्य प्रामाणिकपणे म्हणा आणि मग वर्गातल्या एका मुलाचं नाव घ्या. रोज एक.

धीर धरायचा म्हणजे नक्की काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. आपण 'वाट पाहणं' म्हणतो, म्हणजे डोळे रस्त्यावर. कोण येतंय, आलं का, अजून नाही. यशया 40:31 मराठीत वाचताना मात्र तिथे वाट पाहणारे नाहीत. परमेश्वराची 'आशा धरून राहणारे' आहेत, तेच नवीन शक्ती संपादन करतात. 'धरून' हा शब्द नेमका बसलाय. इब्री भाषेत आशेला तिक्वा म्हणतात, आणि यरीहो नगरातल्या राहाबेने आपलं घर वाचावं म्हणून खिडकीला खुणेची बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द आहे. आशा म्हणजे दोरी. दोरी धरलेल्या माणसाचे डोळे रस्त्याला लागलेले नसतात. त्याचा एक हात दोरीवर असतो आणि दुसऱ्याने तो काम करू शकतो. राहाबेनेही दोरी बांधली आणि घरच्या सगळ्यांना आत गोळा केलं.

तुमचं लग्न होईल का, मला माहीत नाही. 'नक्की होईल' असं लिहिलं असतं तर तुम्हाला आजचा दिवस बरा गेला असता आणि मी दुसरी हनन्या झाले असते. इब्रीकरांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासवीरांची ती लांबलचक यादी आहे, आणि शेवटी म्हटलंय की या सर्वांना वचनाचं फळ मिळालं नाही. मोशेने नबो डोंगरावरून वचन दिलेला देश डोळ्यांनी पाहिला आणि तो तिथेच वारला. आणि कधी कधी नकारातूनच वाट निघते, तेही आहे. पुढे मोठा ख्रिस्ती धर्मपंडित झालेल्या ऑगस्टीनची आई मोनिका. मुलगा आफ्रिकेचा किनारा सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर रडून प्रार्थना करत होती, आणि तो तिला फसवून त्याच रात्री जहाजाने निघून गेला. ती ज्यासाठी खरं तर आयुष्यभर रडत होती, ते त्याचं परिवर्तन, झालं ते इटलीतच; 387 साली मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. तिची त्या रात्रीची प्रार्थना ऐकली गेली असती तर? हे ऑगस्टीनने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून सांगते. पण त्या रात्री किनाऱ्यावर कुणी मोनिकाला हे समजावलं असतं तर मला तो माणूस आवडला नसता.

मैत्रिणीच्या लग्नाचं राहिलं. जा. उपासनेला बसा, तिला मिठी मारा आणि जड वाटलं तर लवकर निघा. आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, असं पौल रोमकरांना लिहितो, आणि त्याच वाक्यात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, असंही लिहितो. मंडळीने दुसरा भाग तुमच्यासाठी केला नाही, म्हणून पहिला तुम्हाला इतका जड जातोय. लाज वाटायचं कारण नाही. तुमच्या एखाद्या जवळच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, त्या संध्याकाळी फोन कर म्हणून.

अर्जाची शेवटची तारीख काय आहे, ते आजच पाहा. भरलात की दोन ओळी लिहून कळवा. त्या स्थळाला काय उत्तर दिलंत, ते नाही कळवलंत तरी चालेल.

तुमची,
सदरवाली ताई